उजव्या बाजूची तार

१

जुना रेडिओ रिसीव्हर हाती आला की मी तो आधी उघडत नाही, हुंगतो. जळका वास आला तर ट्रान्सफॉर्मर गेलेला असतो, मासळीसारखा आला तर कपॅसिटर गळालेले असतात, आणि सिगारेटचा आला तर समजावं की मालकाने तो मनापासून ऐकला आहे. ताई म्हणायची, "एक दिवस त्या डब्यातलं झुरळ नाकात जाईल, ठोंब्या. मग तुलाच खोलून दुरुस्त करावं लागेल."

ताई माझी थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. लग्न तिनेही केलं नाही, मीही नाही. घरात आम्ही दोघंच. पुढच्या खोलीत ती, मागच्या खोलीत माझं दुकान. दुकान म्हणजे एक लांब टेबल, दिवा, तारा जोडायची सोल्डरची बंदूक, आणि भिंतीला टेकून रांगेत उभे असलेले दुसऱ्यांचे जुने रेडिओ. मी ते घ्यायचो, जिवंत करायचो आणि विकायचो. दुपारी ती भाजी निवडायला माझ्याच टेबलाच्या टोकाला येऊन बसायची, आणि निवडताना तोंडाचा पट्टा चालू. एकटीने गप्प बसणं तिला जमायचंच नाही. उभं आयुष्य कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांशी बोललेली बाई ती.

त्या रिसीव्हरला कसलाच वास नव्हता.

तो मी एका इमारतीच्या शेवटच्या मजल्यावरून आणला. वर पोहोचलो तेव्हा तो आधीच दाराबाहेर, जिन्याच्या चौकात ठेवलेला होता. चादरीत गुंडाळलेला, तोंड भिंतीकडे. दार अर्धं उघडं होतं आणि त्या फटीत एक साठीच्या बाई उभ्या होत्या.

"आत लावून दाखवता का?" मी विचारलं.

"नाही."

"चालू आहे ना पण?"

"डावी बाजू चालते."

"आणि उजवी?"

"डावी पुरते," बाई म्हणाल्या.

त्यांच्या मागे आतल्या खोलीत कोणीतरी कपात चमचा ढवळत होतं. किणकिण, किणकिण. आम्ही व्यवहाराचं बोललो, मी चादर सोडून पाहिलं, पुन्हा बांधली, तरी ते ढवळणं थांबलं नव्हतं. मग एकदम थांबलं. बाईंनी मान न वळवता दार आणखी ओढून घेतलं. "न्या लवकर," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो, तोच मागे कडी लागली.

२

वस्तू मात्र देखणी होती. रुपेरी तोंड, दोन्ही अंगांना खऱ्या लाकडाच्या फळ्या, मुठीत भरतील अशी जड नॉब. ट्यूनिंगचं चाक एकदा फिरवून सोडलं की काटा स्वतःच्या वजनानं घसरत डायलच्या टोकापर्यंत जायचा. असा रिसीव्हर हाती लागला की माझे हात शिवशिवायला लागतात.

मी झाकण काढलं. आत धूळसुद्धा बेताचीच. जुने कपॅसिटर बदलले, नॉबच्या मुळाशी स्प्रे मारून खरखर काढली, डायलची काच धुतली. मग उजव्या बाजूकडे वळलो. इथे काही जळलं असेल, या हिशेबानं मी सुटे भाग काढूनच बसलो होतो.

काहीही जळलेलं नव्हतं. उजव्या बाजूचा आवाज पुढे घेऊन जाणारी एक तार तोडलेली होती.

तुटलेली तार आणि तोडलेली तार यांत फरक असतो. तुटलेल्या तारेचं तोंड विस्कटलेलं असतं. ही नखासारखी कापली होती. दोन्ही टोकांवर रबराची टोपणं चढवलेली, आणि टोकं एकमेकांना चुकूनसुद्धा लागू नयेत म्हणून एक या कडेला, एक त्या कडेला, दोऱ्यानं घट्ट बांधलेली. भांडणाऱ्या पोरांना दोन कोपऱ्यांत बसवावं तशी.

"कोणीतरी मुद्दाम केलंय हे," मी ताईला दाखवलं.

ती मटार सोलत होती. चष्मा वर करून तिने पाहिलं. "मग केलं असेल काहीतरी कारणानं. तुला काय करायचंय?"

"एका बाजूचा स्टिरिओ विकला तर गिऱ्हाईक मला दोन्ही बाजूंनी वाजवेल."

ताई हसली. मी दोरे कापले, टोपणं काढली, टोकं जुळवली आणि सोल्डरचा एक चमकता थेंब त्यांच्यावर सोडला. अर्ध्या मिनिटाचं काम. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला फक्त काम नीट झाल्याचं समाधान वाटलं.

३

दोन्ही बाजू खणखणीत वाजल्या. गाणं लागलं, बातम्या लागल्या. ताईने मटाराचं भांडं बाजूला ठेवून मान डोलावली. मग मी काटा दोन स्टेशनांच्या मधे आणला. तिथे नुसती खरखर असते आणि त्या खरखरीवरून मला दोन्ही बाजूंचा समतोल कळतो.

डावीकडे खरखर होती. उजवीकडेही होती, पण तिच्या मागे एक खोली होती.

हे कसं सांगावं? रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. कोणी न बोलता नुसता फोन धरून उभं राहिलं, तरी तो स्वयंपाकघरात आहे की जिन्यात हे कळतं ना, तसं. ती खोली लहान होती, तिथे पडदा-गादी असं मऊ काही नव्हतं. मी कान जवळ नेला. लाकडी खुर्ची करकरली. कोणीतरी बसल्या बसल्या अंग हलवावं, तेवढंच.

मी माझ्या धंद्याला जागलो. स्पीकरच्या तारा अदलाबदल करून पाहिल्या. खोली दुसऱ्या स्पीकरमधून यायला लागली. म्हणजे दोष स्पीकरचा नव्हता. अँटेना काढली. खरखर बदलली, खोली तशीच. शेजाऱ्यांकडे काही चालू आहे का ते पाहायला गॅलरीत जाऊन आलो. शेजारी कुलूप होतं. कुठल्या तरी टॅक्सीच्या वायरलेसची लहर पकडत असेल, असं म्हणून मी स्वतःची समजूत काढली. पण वायरलेसवर माणसं बोलतात. इथे कोणी बोलत नव्हतं.

मग उजवीकडे कोणीतरी खाकरलं.

ताई उठून आली. तिने डोळे मिटले, मान एका बाजूला कलती केली. कामावर ती अशीच बसत असणार.

"लाइन उघडी आहे," ती म्हणाली.

"ताई, ही लाइन नाही. रेडिओ आहे."

"मला शिकवतोस? पलीकडे माणूस आहे. बोलत नाहीये, पण ऐकतोय. आत्ता तू बोललास ना, तेव्हा त्यानं श्वास धरला."

मी मुद्दाम गप्प राहिलो. थोड्या वेळानं उजव्या बाजूनं सावकाश, लांब, नाकातून सोडलेला श्वास ऐकू आला. मी बंद करायचं बटण दाबलं.

४

त्यानंतर मी तो लावायला टाळू लागलो आणि ताई लावायला सांगू लागली.

"अडकलंय बिचारं कोणीतरी," ती म्हणायची. "काही लोकांना फोनवर पहिला शब्दच सुचत नाही. आम्ही काय करायचो माहितीये? घाई करायचो नाही. नुसतं लाइनवर थांबायचो. मग बोलतात."

"आणि ते बिचारं नसलं तर?"

"तू लहानपणी कपाटाला घाबरायचास, आता डब्याला घाबर."

दुपारी ती टेबलाशी बसायची आणि उजव्या स्पीकरशी बोलायची. आज हवा कशी आहे, गॅलरीतलं रोप कसं वाळलं, मला भाजीतलं मीठ कसं कळत नाही. पलीकडून उत्तर यायचं नाही. पण ती बोलायला लागली की खुर्ची करकरायची. पुढे पुढे तर ती खोलीत आल्याबरोबर करकरायची. मी एकटाच असलो की काही नाही, नुसती खरखर.

मला ते आवडत नव्हतं. भीती वाटत होती म्हणण्यापेक्षा राग येत होता. पाहुण्यानं यजमानाकडे ढुंकूनही न पाहता घरातल्या बाईकडेच टक लावावी, तसं काहीतरी ते होतं.

एका दुपारी ताई म्हणाली, "बोला हो. इथे कोणी रागावणार नाही तुमच्यावर."

खुर्ची मागे सरकली. फरशीवर लाकूड घासल्याचा तो आवाज इतका स्पष्ट होता की मी आमच्याच खुर्च्यांकडे पाहिलं. मग पावलं आली. सावकाश, टाच आधी टेकवून. ती स्पीकरच्या दिशेनं आली आणि जाळीच्या अगदी मागे थांबली. जाळीचं कापड श्वासाबरोबर आत ओढलं गेलं आणि बाहेर आलं.

मी भिंतीतून विजेची तारच उपटली. "उद्या हे तोडतो. होतं तसं करून टाकतो."

"गिऱ्हाईक येणार आहे ना पुढच्या आठवड्यात? दोन्ही बाजू वाजवून दाखव म्हणालाय."

"मग विकला की तोडतो," मी वैतागून म्हणालो. त्या वाक्याला काही अर्थ नव्हता, हे ताईनेच मला हसून सांगितलं.

५

दुसऱ्या दिवशी डायलचा एक छोटा दिवा गेला. तो आणायला मी बाजारात निघालो. जाताना ताईला बजावलं, "त्याला हात लावू नकोस."

"मी कशाला लावतेय," ती म्हणाली. तिच्या मांडीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता.

दिवा दुसऱ्या दुकानात मिळाला. परतलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दार उघडलं आणि आतून स्वच्छ खरखर ऐकू आली. दोन्ही बाजूंनी सारखी. जाणत्या कानाला ती एखाद्या तानेसारखी गोड वाटते. मी चपलांसकट आत धावलो आणि उजव्या स्पीकरला कान लावला. मागे खोली नव्हती, श्वास नव्हता, काही नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. कसलातरी सैल जोड असणार, तो तापून बसला असणार, असं मी बडबडतही होतो.

"ताई, गेलं बघ ते!"

ताई माझ्या खुर्चीत बसली होती. पाठ ताठ, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. निम्मे कपडे घडी करून टेबलावर होते, निम्मे जमिनीवर पडले होते. तिने माझ्याकडे पाहायला नुसती मान वळवली नाही. कमरेपासून सगळं अंग वळवलं.

"काय झालं?"

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मी काय म्हणतो त्यापेक्षा ते कसं म्हणतो, हे पाहावं तसं.

त्या संध्याकाळपासून ताई बोलली नाही.

६

डॉक्टरांनी घसा पाहिला, डोळ्यांत उजेड टाकला, हात-पाय उचलायला लावले. सगळं ठीक. "धक्का बसतो कधी कधी," ते म्हणाले. "वेळ द्या." मी वेळ दिला. दुसरं काय करणार होतो?

ती घरभर हिंडायची. भिंतींवरून हात फिरवायची, कपाटं उघडून त्यांच्यात पाहत उभी राहायची. कपात साखर घालायची आणि ढवळत बसायची. ते पाहून माझ्या मनात काहीतरी हललं, पण काय ते मला धरता आलं नाही. मी स्वयंपाकघरात जायला लागलो की दारात उभी राहायची. बाजूला व्हायची नाही. मी म्हणायचो, "ताई, पाणी हवंय." ती पाहायची. मी परत फिरायचो. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बहिणीपुढून.

एकदा मी टेबलाशी काम करत असताना ती मागून आली. तिने सोल्डरची तापलेली बंदूक उचलली आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्या टोकावर टेकवलं. चर्र झालं. वास आला. मी ओरडून बंदूक हिसकावून घेतली. तिने बोटाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत होती. तो चेहरा मी विसरू शकत नाही. मी इतका का ओरडलो, याचा तिला तिटकारा आला होता.

धक्का बसलेली माणसं असं करतात, मी स्वतःला सांगितलं. मला वेगळं काही म्हणायचं धाडस नव्हतं.

गिऱ्हाईक ठरलेल्या दिवशी यायचं होतं. मी त्याला नको म्हणून कळवायच्या विचारात होतो. पण त्या सकाळी रिसीव्हर टेबलावर नव्हता. चादरीत नीट गुंडाळून पुढच्या दाराशी ठेवलेला होता. मी तो दोन्ही हातांनी, कण्हत कुंथत उचलायचो. ताईला भरलेली बादली उचलवत नसे.

७

गिऱ्हाईक म्हणजे एक दंतवैद्य. गोरापान, हसरा, हातांना सतत लवंगेचा वास. मी गाणं लावलं. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या, डोळे मिटले, "वा!" म्हणाला. ताई दारात उभी राहून त्याच्याकडे पाहत होती.

"ताईंना विकायचा नाही वाटतं?" तो हसून म्हणाला.

ताई पुढे झाली. तिने रिसीव्हरचं एक टोक उचललं, त्याने घाईघाईनं दुसरं धरलं, आणि दोघांनी तो गाडीपर्यंत नेला. ती फाटकाशीच थांबली. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी हलली नाही.

मला बरं वाटलं. वाईट म्हणजे, मला खरोखरच बरं वाटलं.

काही दिवसांनी, चहाच्या वेळेला, दंतवैद्याचा फोन आला. ताई माझ्या समोर बसून कप ढवळत होती.

"आवाज लाजवाब आहे हो," तो म्हणाला. "एक गंमत मात्र सांगा. स्टेशन नसलं की उजवीकडे एक बाई बोलतात. हे काय आहे?"

"कसली बाई?"

"कोणी टेलिफोन ऑपरेटर असावी. 'हॅलो, लाइनवर कोण आहे, बोला,' असं सारखं विचारते. मधेच कोणाला तरी ठोंब्या म्हणून हाक मारते. आमच्या घरात हसू चाललंय."

समोर चमचा थांबला.

मी फोन ठेवला. ताईकडे न पाहता चपला घातल्या आणि निघालो. धावताना माझं डोकं अजूनही काम करत होतं, याचीच आता लाज वाटते. ती रोज त्या स्पीकरशी बोलायची, तेच कुठेतरी साठून राहिलं असेल, असं मी मनाशी जुळवत होतो. रिसीव्हरमध्ये काही साठत नाही. हे मला माझ्या नावापेक्षा पक्कं ठाऊक होतं.

८

दंतवैद्याच्या दिवाणखान्यात रिसीव्हर खिडकीखाली मांडला होता. तो हौसेनं पुढे झाला, काटा मधे आणला.

खोली होती. तीच, लहान, रिकामी. आणि तिच्यात माझी बहीण होती.

"हॅलो," ती म्हणत होती. कामावरच्या त्या गोड, स्वच्छ आवाजात. तो आता फाटत आला होता. "हॅलो, मी लाइनवर आहे. बोला ना कोणीतरी. ठोंब्या, तू आहेस का? किती काळोख केलायस रे. इथे एक खुर्ची आहे नुसती."

मी गुडघ्यांवर बसलो. उजव्या स्पीकरच्या जाळीला तोंड लावून ओरडलो, "ताई! मी आहे! ताई, इकडे बघ!"

"हॅलो," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही कोणाचं. पण मी थांबते. मी लाइन सोडत नाही."

दंतवैद्याची बायको आतून आली आणि माझ्याकडे पाहून जागच्या जागी थबकली. मी उठलो. "हा मला परत द्या. तुम्ही म्हणाल ते देतो. आत्ता नेतो."

दंतवैद्याचं हसू मावळलं. "असं कसं? सौदा झालाय."

"माझी बहीण आहे ती."

"तुमची बहीण? त्या दिवशी दारात होत्या त्या?" तो माझ्याकडे, मग बायकोकडे पाहत म्हणाला. "त्या तर घरी आहेत ना तुमच्या?"

मी रिसीव्हरला हात घातला. त्याने माझं मनगट धरलं. हात दिसायला मऊ होते पण पकड दात उपटणाऱ्याची होती.

"दुसरं कोणी जास्त द्यायला निघालंय, म्हणून हे नाटक. मला कळत नाही का?"

"ते आधी बंद करा हो," त्याची बायको म्हणाली. "मला तो आवाज नाही सोसत. रात्रंदिवस त्या बाईचं हॅलो हॅलो."

"त्यात काय आहे," दंतवैद्य म्हणाला. त्याने समतोलाचा नॉब डावीकडे शेवटपर्यंत फिरवला. ताईचा आवाज बारीक होत गेला आणि 'थांबते' या शब्दावर संपला. डावीकडे नुसती गोड खरखर उरली. "हे बघा, मिटलं. आमच्या इलेक्ट्रिशियनला सांगून ती बाजूच तोडून टाकतो. डावी पुरते आम्हाला."

त्याने मला दाराबाहेर काढलं, तेव्हा मी त्याच्याशी झटापट केली की पाया पडलो, ते मला नीट आठवत नाही. बहुतेक दोन्ही.

९

त्या शेवटच्या मजल्यावर मी एका दमात चढलो. बाईंनी पुन्हा तेवढीच फट उघडली. माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारायची गरज नसल्यासारख्या म्हणाल्या, "जोडलीत ना तुम्ही तार."

"तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"मी म्हटलं होतं, डावी पुरते." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. थकलेला होता. "मीच तोडून घेतली होती ती. ऐकवत नव्हतं. दिवसभर ह्यांच्या आवाजात माझ्या नावानं हाका. मग हाका थांबल्या, नुसतं खाकरणं राहिलं. ते तर त्याहून ऐकवत नव्हतं."

"आता तिथे माझी बहीण आहे."

त्यांनी दाराच्या कडेला धरलेली बोटं पांढरी पडली. त्या माझ्या पलीकडे, रिकाम्या जिन्याकडे पाहत होत्या. आत कपात चमचा फिरत होता. किणकिण, किणकिण.

"आणि घरी?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "घरी कोण आहे?"

"बहीणच आहे. पण बोलत नाही."

"बोलतील. थोडे दिवस लागतात." त्या आणखी जवळ आल्या, इतक्या की मला त्यांचा श्वास लागला. "पहिल्यांदा बोलतील तेव्हा दचकू नका. सांगतील ते करा. दचकलेलं आवडत नाही त्यांना."

आतला चमचा थांबला. एका पुरुषाचा आवाज आला. भारदस्त, सावकाश, एकेक अक्षर तपासून उच्चारलेला. "कोण आलंय?"

मी त्या बाईंचा चेहरा पाहिला. त्यांनी हसू आणलं. सरावानं आणतात तसं, आधी गाल, मग ओठ. "कोणी नाही हो," त्या मागे न पाहता म्हणाल्या. "चुकून आलेत." आणि दार लावलं.

१०

मी रस्त्यावर बराच वेळ बसून राहिलो. पोलिसांकडे जावं असं वाटलं. काय सांगणार? दंतवैद्याकडे उद्या पुन्हा जावं, पाय धरावे, खिडकीतून शिरावं, काहीही करावं, तेवढंच मनात घोळत होतं. तोवर त्याचा इलेक्ट्रिशियन येऊन गेला नसला म्हणजे मिळवली. तार तोडली तरी ताई बोलतच राहील, आणि ऐकणारं कोणी नसेल, एवढं मला कळत होतं. दुसरं घर मात्र मला नव्हतं. अंधार पडायच्या आत मी परत आलो.

किल्ली काढायची वेळ आली नाही. मी शेवटची पायरी चढलो आणि दार आतून उघडलं.

ताई दारात उभी होती. तिची साडी, तिचा चष्मा, कपाळावरची तिची ती आडवी आठी. भाजलेल्या बोटाला पट्टी नव्हती. मागे पुढच्या खोलीतले दिवे लावलेले होते, आणि मधोमध, इतर सगळं सामान भिंतीकडे सारून, माझी कामाची लाकडी खुर्ची ठेवलेली होती. दाराकडे तोंड करून, एकटी.

तिने माझ्या ओठांकडे पाहिलं. मग तोंड उघडलं आणि एकेक अक्षर जुळवत, माझ्या बहिणीच्या आवाजात, जन्मात मला कधी अरेतुरेखेरीज न बोललेल्या माझ्या बहिणीच्या आवाजात ती म्हणाली,

"आलात? या. बसा."

मी चपला काढल्या. हात पाठीमागे धरले. चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. आत गेलो, त्या खुर्चीपर्यंत चाललो आणि बसलो.